आचारी, आचार्य आणि न जुळणारा टारबॉल

एप्रिल २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात मला दोन ओळींचे एक पत्र आले. ते लिहिणारा स्वयंसेवक एका लिनक्स वितरणासाठी (लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या तयार संचासाठी) आमच्या लायब्ररीचे, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायच्या कोडचे, पॅकेज तयार करतो. आम्ही प्रसिद्ध केलेला टारबॉल (आवृत्तीच्या सगळ्या फायलींचे एकत्र गाठोडे) आणि गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात त्याच आवृत्तीवर लावलेला टॅग, म्हणजे खूणचिठ्ठी, यांतील मजकूर तंतोतंत जुळतो का, एवढेच त्याला विचारायचे होते. ‘अर्थातच जुळतो’ असे उत्तर मी लिहूनही टाकले, आणि ते पाठवण्याआधी केवळ रीत म्हणून दोन्हींची तुलना करून पाहिली. मजकूर जुळत नव्हता.

ही लायब्ररी अगदी लहान आहे. जुन्या फाँटांतून रूपांतरित झालेला किंवा निरनिराळ्या कीबोर्डांवरून टंकलेला देवनागरी मजकूर एकाच पद्धतीच्या युनिकोडमध्ये आणायचा, हे तिचे काम. ती आम्ही चौघे सांभाळतो: मी पुण्यात, भाषाविज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक सर नागपुरात, एक सहकारी हैदराबादेत आणि एक मैत्रीण जर्मनीत. कोणालाही याचे पैसे मिळत नाहीत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी, त्यामुळे वाद झाला की तो आठवडेच्या आठवडे चालतो. त्या एका पत्रामुळे सुरू झालेला वाद ऑक्टोबरपर्यंत चालला.

पत्र त्याच सुमारास का आले, हे सांगायला हवे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस-क्यूएल डेटाबेसच्या विकासकाने एक्सझेड या संपीडन-साधनात लपवलेली मागची वाट (परवानगीशिवाय यंत्रात शिरण्याची चोरवाट) जाहीर केली होती. दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे खटकल्यामुळे तो त्याच्या मुळाशी गेला होता. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या बाधित निघाल्या. त्यातली मेख अशी की घातक भाग चाचणीच्या फायलींचा वेश घेऊन गिटमध्येच बसला होता, पण त्याला जागे करणारी बांधणीची (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची) स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती. गिटचा इतिहास ओळीओळीने वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती. टारबॉलमध्ये चार फायली जादा असायच्याच, या सवयीमुळे त्या फायलीकडे संशयाने पाहण्याचे कारण कोणाला वाटले नाही. त्यानंतर जगभरातील पॅकेज करणारे लोक आपापल्या यादीतील प्रत्येक प्रकल्पाला हाच प्रश्न विचारू लागले, आणि त्यांच्यापैकी एकाच्या यादीत आम्हीही होतो.

आमच्या टारबॉलमध्ये तीन फायली जादा निघाल्या. त्यांतल्या दोन बांधणीच्या नेहमीच्या, आपोआप तयार होणाऱ्या होत्या. तिसरी जोडाक्षरांची सारणी होती. ती एका सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फायलीवरून स्क्रिप्टने तयार होते, म्हणून आम्ही ती गिटइग्नोरच्या यादीत टाकली होती. म्हणजे तिच्यात काहीही बदलले तरी गिट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मी टॅगवरून नवी सारणी तयार करून टारबॉलमधल्या सारणीशी ताडून पाहिली. टारबॉलमध्ये एक ओळ जादा होती.

ती ओळ कशाची हे ओळखायला मला क्षणभरही लागला नाही, कारण ती मीच लिहिली होती. मराठीत ‘आचारी’चे ‘आचाऱ्यांना’ होते आणि ‘आचार्य’चे ‘आचार्यांना’ होते. पहिल्या शब्दातला चंद्रकोरीसारखा अर्धा र आणि दुसऱ्यातला रफार एकमेकांच्या जागी आले, की स्वयंपाक्यांचे निमंत्रण गुरुजनांना जाते. या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये आज ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, पण बऱ्याच जुन्या मजकुरात तो साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक अशा तीन चिन्हांनी लिहिलेला असतो. आमची लायब्ररी भरकटलेले जोडक काढून टाकते, आणि त्या झाडलोटीत हा अर्धा र रफार होऊन बसायचा. जून २०२१ मध्ये आवृत्ती प्रसिद्ध करण्याच्या आदल्या रात्री हे माझ्या लक्षात आले. टॅग तोपर्यंत लावून झाला होता. मी तयार झालेल्या सारणीतच हाताने एक ओळ घातली, काम करत होतो त्याच फोल्डरचा टारबॉल बांधला आणि झोपायला गेलो. मूळ सीएसव्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायची होती. तो दुसरा दिवस तीन वर्षे उजाडला नाही. पुढच्या तीन आवृत्त्यांचे टारबॉलही मी त्याच फोल्डरमधून बांधले, त्यामुळे ती ओळ प्रत्येक वेळी गुपचूप सोबत गेली.

आणखी एक गोष्ट मला आठवली आणि खरी शरम तिची वाटली. २०२२ मध्ये एका वापरकर्त्याने तक्रार नोंदवली होती की ‘आचाऱ्यांना’ लिहिले असता लायब्ररी ‘आचार्यांना’ करते. मी माझ्या लॅपटॉपवर पाहिले, उत्तर बरोबर आले, आणि ‘आमच्याकडे असे घडत नाही’ असे लिहून मी ती तक्रार बंद केली होती. त्याने लायब्ररी टारबॉलवरून नव्हे, थेट गिटवरून बांधली होती. आमच्या नोंदीनुसार आम्ही दोघे एकच आवृत्ती वापरत होतो. प्रत्यक्षात तसे नव्हते.

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती ते प्रामाणिकपणे नोंदवतो. सीएसव्हीत ती ओळ घालावी, एक कमिट (गिटमधील बदलाची नोंद) करावे, चारही टॅग गुपचूप पुढे सरकवावेत आणि पॅकेज करणाऱ्याला ‘आता जुळते, पाहा’ असे कळवावे, असे मला वाटले. बदल निरुपद्रवी होता. उलट उपकारकच होता. मी सरांना फोन केला.

‘सर, टॅग हलवले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही,’ मी म्हणालो.

‘तेच तर म्हणतोय मी,’ सर म्हणाले. ‘तू हलवलास तरी लक्षात येणार नाही आणि उद्या तुझी किल्ली चोरून दुसऱ्या कोणी हलवला तरी येणार नाही. आधी सगळं लिहून जाहीर कर, मग दुरुस्त कर.’

त्या रात्री आम्ही निवेदन लिहिले: कोणत्या चार आवृत्त्या, कोणती फाइल, कोणती ओळ, कोणी घातली आणि का. हैदराबादच्या सहकाऱ्याला ‘का’ हा भाग नको होता. त्याच्या मते त्यामुळे आम्ही गबाळे दिसलो असतो. आम्ही गबाळे होतोच, म्हणून तो भाग ठेवला. टॅग जागचे हलले नाहीत.

खरा वाद यानंतर सुरू झाला. असे पुन्हा होऊ नये म्हणून कामाची पद्धत बदलावी लागेल यावर एकमत होते. कोणती पद्धत, यावर चौघांची चार मते. हे समजण्यासाठी गिट नेमके कशाची हमी देते ते पाहावे लागते. गिटमध्ये फायलीचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठशासारखा आकडा, तिच्या मजकुरावरून निघतो, फोल्डरचा हॅश त्यातील नावांवरून आणि हॅशांवरून, आणि कमिटचा हॅश त्या फोल्डरचा हॅश, आधीच्या कमिटचा हॅश, लेखकाचे नाव, वेळ व संदेश या सर्वांवरून. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या एका फायलीतला एक स्वल्पविराम बदलला, तरी तेथून आजपर्यंतचा प्रत्येक कमिट-हॅश बदलतो. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स याने एप्रिल २००५ मध्ये, बिटकीपर हे इतिहास ठेवणारे साधन लिनक्सच्या विकासकांना मोफत वापरता येईनासे झाल्यावर, गिट लिहिले ते ही मांडणी पायाशी ठेवूनच. पण हॅश इतकेच सांगतो की आत गेलेली गोष्ट बदललेली नाही. ती कोणी आत नेली हे तो सांगत नाही, आणि बाहेर पडताना तिच्यात काय मिसळले हेही सांगत नाही.

‘कोणी’ या प्रश्नासाठी जर्मनीतल्या मैत्रिणीने पीएचपी या संगणकभाषेच्या प्रकल्पाचे उदाहरण दिले. २८ मार्च २०२१ रोजी पीएचपीच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर दोन घातक कमिट आले. एकावर रास्मुस लेरडॉर्फचे नाव होते, दुसऱ्यावर निकिता पोपोव्हचे. दोघेही त्या प्रकल्पातले नावाजलेले लोक, आणि दोघांनीही ते कमिट केलेले नव्हते. गिटमध्ये लेखकाचे नाव आपण टंकू तेच लागते. काही तासांतच ते लक्षात आले, कमिट उलटवले गेले आणि प्रकल्पाने तो सर्व्हर बंद करून मुख्य रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास यांचे भांडार) गिटहब या संकेतस्थळावर नेली. तेव्हा प्रत्येक कमिटवर डिजिटल सही, म्हणजे ज्याच्या त्याच्या गुप्त किल्लीने (संगणकावरच्या एका फायलीने) केलेली ओळखीची खूण, सक्तीची करावी, हा तिचा आग्रह होता.

मी विरोध केला. आमच्याकडे येणारे निम्मे बदल विद्यार्थ्यांकडून येतात. त्यांना आधीच गिटची धास्ती असते. त्यात ‘आधी किल्ली तयार कर, मग ऱ्हस्वदीर्घ सुधार’ म्हटले की मूल पुन्हा फिरकत नाही. त्यावर ती म्हणाली की नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या गिट २.३४ पासून सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या साध्या एसएसएच किल्लीनेही सही करता येते, त्यामुळे हे गाऱ्हाणे जुने झाले. मुद्दा खरा होता. तरीही अशी किल्ली कोणाची, हे ठरवणारी यादी कोणी ठेवायची, हा प्रश्न उरतच होता.

मधले दोन आठवडे हॅशच्याच वादात गेले, आणि ते मला आजही वाया गेल्यासारखे वाटतात. गिटची हॅश काढण्याची पद्धत शा-१ मोडली आहे, हे हैदराबादच्या सहकाऱ्याने लावून धरले. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी शा-१चा हॅश एकच असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फायली दाखवल्या, हे खरे. पण त्याच वर्षी मे महिन्यात गिट २.१३ने अशी टक्कर ओळखणारी अंमलबजावणी मूळ निवड म्हणून स्वीकारली, आणि २०२०च्या गिट २.२९ पासून शा-२५६ या नव्या पद्धतीची रेपॉझिटरीही, सुरुवातीला प्रायोगिक स्वरूपात, करता येऊ लागली. आमचा घोटाळा हॅश मोडून झाला नव्हता. हॅशच्या वाटेला न जाता, शेजारच्या दाराने झाला होता. मात्र हॅशवर बोलणे सोपे असते, आपल्या टारबॉलवर बोलताना आपले नाव मध्ये येते.

गाडी रुळावर आणली ती सरांनी, आणि तीही २००३च्या नोव्हेंबरातली एक घटना सांगून. तेव्हा लिनक्सचा मुख्य इतिहास बिटकीपरमध्ये होता आणि ज्यांना ते साधन वापरायचे नव्हते त्यांच्यासाठी त्याची सीव्हीएस या जुन्या साधनातली एक प्रत काढली जात असे. त्या प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता त्या ओळी वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, हे तपासत होत्या. पण बरोबरची दोन चिन्हे हवीत तेथे एकच होते, त्यामुळे तपासण्याऐवजी तो क्रमांक शून्य केला जात होता, आणि शून्य क्रमांक म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. हा डाव फसला, कारण सीव्हीएस प्रत मुळाशी ताडून पाहिली जात होती आणि त्या बदलाला बिटकीपरमध्ये जोडीदार सापडला नाही. सर म्हणाले, ‘टारबॉल ही आपली सीव्हीएस प्रत आहे. ती मुळाशी ताडून पाहणारं आपल्याकडे कोण आहे?’ कोणीच नव्हते.

त्यातून पहिला नियम ठरला: टारबॉल कोणीही आपल्या कामाच्या फोल्डरमधून बांधायचा नाही. तो टॅगच्या ताज्या प्रतीतून, स्क्रिप्टनेच, दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या यंत्रांवर बांधायचा. दोन्हींचा शा-२५६ जुळला तरच तो प्रसिद्ध करायचा आणि दोघांनी आपापली सही सोबत ठेवायची. गिटहब आपोआप देते तोच टारबॉल का वापरू नये, असे मी विचारले होते. पण जानेवारी २०२३च्या शेवटी गिटमधील संपीडनाची अंतर्गत पद्धत बदलल्यामुळे गिटहबवरच्या अशा टारबॉलांचे चेकसम (हॅश) एका दिवसात बदलले, आतला मजकूर तोच असूनही जगभरच्या बांधण्या कोसळल्या आणि तो बदल त्यांना लगेच मागे घ्यावा लागला, हे आठवल्यावर मी माघार घेतली.

नियम लिहिणे सोपे गेले, पाळणे नव्हे. मी आणि मैत्रिणीने पहिल्यांदा बांधलेले टारबॉल जुळले नाहीत. फायलींची वेळ आणि मालकाचे नाव आम्ही आधीच एकसारखे करून घेतले होते, तरीही फरक होताच. शेवटी दोन्ही सारण्या शेजारी उघडल्या, तेव्हा दिसले की ओळी त्याच आहेत, क्रम वेगळा आहे. माझ्या लॅपटॉपचे लोकेल, म्हणजे भाषेची निवड, मराठी आहे, त्यामुळे सारणीची क्रमवारी मराठी वर्णक्रमाने होत होती आणि ळ हा ह नंतर येत होता. तिच्या यंत्रावर तीच क्रमवारी बाइटनुसार, म्हणजे अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांनुसार, होत होती, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच आहे. मराठीसाठी लिहिलेली लायब्ररी मराठी यंत्रावर वेगळी बांधली जात होती. स्क्रिप्टच्या डोक्यावर लोकेल ठरवणारी एक ओळ घातली, आणि पुढच्या प्रयत्नात दोन्ही हॅश पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारखे आले. ते चौसष्ट अंक आम्ही व्हिडिओ कॉलवर एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवले. त्याची काही गरज नव्हती.

उरला वाद मर्ज की रिबेस, म्हणजे आलेला बदल दोन वाटांची गाठ मारून आत घ्यायचा की मुख्य वाटेच्या टोकावर नव्याने लावायचा. मी वर्षानुवर्षे सरळ रेषेचा भक्त. बदल आला की तो मुख्य शाखेच्या टोकावर रिबेस करायचा किंवा त्याचे सगळे कमिट स्क्वॉश करून एकच करायचे, म्हणजे इतिहास एका ओळीत वाचता येतो. मर्ज करत राहिले की लॉगमध्ये रेल्वे यार्डासारखे रुळ दिसू लागतात, आणि मला ते पाहवत नाही. सरांना उलट वाटे की जे जसे घडले ते तसेच राहावे.

या वेळी मात्र मला माझ्या बाजूची किंमत मोजून पाहावी लागली. रिबेस केले की कमिटचा पालक बदलतो, पालक बदलला की हॅश बदलतो, आणि हॅश बदलला की त्यावर केलेली सही निकामी होते. संकेतस्थळावरचे बटण दाबून रिबेस केले, तर सह्या गळूनच पडतात. स्क्वॉश केले, तर नव्या कमिटवर सही असते ती त्या संकेतस्थळाच्या किल्लीची. म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेला आणि मी वाचून मंजूर केलेला कमिट इतिहासात राहतच नाही. राहतो तो कोणीही न वाचलेला, यंत्राने रचलेला तिसराच. मैत्रिणीला प्रत्येक कमिटवर सही हवी होती आणि मला सरळ रेषा हवी होती, आणि बटणाने काम उरकण्याच्या आमच्या पद्धतीत हे दोन्ही एकत्र नांदणारे नव्हते. आपापली मागणी रेटत असताना हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते.

मर्ज-कमिटचे तसे नाही. त्यात दोन पालकांचे हॅश असतात, आणि आलेला बदल आपल्या मूळ हॅशासह जसाच्या तसा आत येतो. त्या मर्जवर मेंटेनरने, म्हणजे आमच्यापैकी एकाने, आपल्या यंत्रावर सही केली, की ती सही त्या हॅशामार्फत विद्यार्थ्याच्या कमिटपर्यंत पोहोचते; त्याने स्वतः सही केलेली असो वा नसो. विद्यार्थ्यांवर किल्लीची सक्ती नको हे माझे म्हणणे अशा रीतीने राहिले, आणि सहीवाचून काही आत येऊ नये हे तिचेही राहिले. चूक कोठे शिरली हे शोधणाऱ्या बायसेक्टसाठी सरळ रेषा लागते, हा माझा शेवटचा मुद्दा होता. गिट २.२९ पासून बायसेक्टला फक्त पहिल्या पालकाच्या वाटेने जायला सांगता येते, हे तिने दाखवले, आणि माझ्याकडे रुळ आवडत नाहीत याखेरीज कारण उरले नाही.

सगळे सुटलेले नाही. मेंटेनरांच्या किल्ल्यांची यादी रेपॉझिटरीतच ठेवली आहे, आणि ती यादी बदलणाऱ्या कमिटवर कोणाची सही ग्राह्य धरायची, यावर सर आणि हैदराबादचा सहकारी अजून भांडतात. जुलैत त्या सहकाऱ्याच्याच किल्लीची मुदत संपली आणि त्याचे दोन मर्ज चार दिवस अडकून पडले. जुन्या इतिहासावर मागाहून सह्या करायच्या नाहीत, एवढे मात्र चौघांनी मान्य केले. २०२४ पूर्वीचे जे आहे ते निवेदनासह तसेच राहील.

ऑगस्टमध्ये मी २०२२ची ती बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली, चूक माझी होती असे लिहिले आणि सीएसव्हीत ती ओळ तक्रारदार स्वतः घालील का, असे विचारले. तीन दिवसांनी उत्तर आले की त्याने ती तेव्हाच, तक्रार बंद झाली त्याच संध्याकाळी, स्वतःच्या प्रतीत घातली होती आणि तेव्हापासून तीच प्रत वापरत होता. त्याने दुवा दिला. एका ओळीचा कमिट होता, तारीख २०२२ची, संदेश ‘आचारी आणि आचार्य वेगळे’. जुन्या पद्धतीने तो मी रिबेस केला असता आणि त्याला नवा हॅश मिळाला असता. या वेळी मी तो आहे तसा मर्ज केला, त्यावर सही केली, आणि ऑक्टोबरच्या आवृत्तीचा टारबॉल आम्ही दोन यंत्रांवर बांधून जुळवला तेव्हा सारणीत ती ओळ होती, या वेळी सीएसव्हीतून आलेली.